कशेळीचा पूल आणि पलीकडचे बंदर

ठाणे शहराच्या उत्तर कडेला, बाळकुमची वस्ती संपते तेथे, उल्हास नदी नदी राहिलेली नसते. राजमाचीच्या डोंगराळ परिसरातून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण अशी गावे घेत आलेला हा प्रवाह येथे खाडी झालेला असतो, म्हणजे त्याचे पाणी दिवसातून दोनदा भरतीबरोबर मागे फिरते, मचूळ होते आणि ओहोटीबरोबर घोडबंदरच्या बाजूने वसईकडे उतरते. या पाण्यावर जुन्या आग्रा रस्त्याचा पूल आहे आणि पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील पहिले गाव लागते ते कशेळी. मुंबई-ठाण्याकडून जाणाऱ्या बहुतेकांना हे गाव वाहनकोंडीमुळे ठाऊक असते. तथापि, कशेळीपासून भिवंडीच्या जुन्या बंदरापर्यंतचा काही किलोमीटरचाच पट्टा डोळे उघडे ठेवून पाहिला, तर इंग्लंडच्या उत्तर भागातील लिव्हरपूल आणि मँचेस्टर या जोडशहरांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास येथे वेगळ्या क्रमाने, वेगळ्या पोशाखात आणि अद्याप अपूर्ण अवस्थेत भेटतो.

भिवंडीला ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणण्याची रीत जुनी आहे. हीच किंवा हिच्यासारखी पदवी अहमदाबाद, सोलापूर, इचलकरंजी, कानपूर आणि कोइमतूर यांनाही वेळोवेळी मिळालेली असल्याने ती आता बरीच गुळगुळीत झाली आहे. शिवाय तिच्यात अर्धीच गोष्ट येते. मँचेस्टर कापड विणत असे, पण त्यासाठी लागणारा कापूस मर्सी नदीच्या मुखावरील लिव्हरपूल बंदरात उतरे आणि विणलेले कापड तेथूनच जगभर जाई. ही दोन शहरे १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झालेल्या लोहमार्गाने जोडली गेली, आणि याच मार्गावरील न्यूटन-ले-विलोज या गावातील व्हल्कन फाउंड्री या कारखान्याने पुढे ती इंजिने बनवली, ज्यांनी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत भारतातील पहिली प्रवासी गाडी ओढली. म्हणजे लँकेशायर परगण्याचे लोखंड भिवंडीच्या दारापर्यंत पोहोचले, त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. बंदर आणि माग या दोहोंचा एकत्र विचार केला तरच भिवंडीची तुलना अर्थपूर्ण होते, आणि तो विचार पुलावरूनच सुरू करावा लागतो.

पुलाच्या ठाण्याकडील बाजूस उद्योग मागे हटलेला दिसतो. पोखरण रस्त्यावरील रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५ मध्ये सुरू झाली, १९४४ मध्ये सिंघानिया घराण्याकडे आली आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकाअखेर बंद पडली. तिच्या आवारात आता निवासी मनोरे उभे आहेत. कोलशेत-बाळकुमच्या रासायनिक कारखान्यांच्या जमिनींचीही गत बरीचशी तशीच झाली. या मनोऱ्यांच्या जाहिरातींत खाडी हे एक दृश्य असते, ज्याच्यासाठी दर चौरस फुटामागे जास्त पैसे मोजावेत असे. लिव्हरपूलच्या १८४६ साली उघडलेल्या अल्बर्ट डॉकचे, म्हणजे जहाजांसाठी बांधून काढलेल्या बंदिस्त गोदीचे, नेमके हेच झाले. १९७२ मध्ये ती बंद झाली, पुढे तिच्या विटांच्या गोदामांत कलादालने, उपाहारगृहे आणि सदनिका आल्या, २००४ मध्ये शहराच्या बंदराला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि किनाऱ्यावरील नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये तो काढून घेण्यात आला. पाण्याकडे पाहण्यासाठी पैसे मोजले जाऊ लागले की पाण्यावर काम करणारा माणूस तेथून गेलेला असतो, हे ठाण्याच्या काठावरही पडताळून पाहता येते. कशेळीच्या काठावर मात्र तो अद्याप पुरता गेलेला नाही.

खाडी ओलांडताना जे नजरेत भरते ते पाणीच, पण खालचे नव्हे. मुंबई शहराला पाणी पुरवणाऱ्या अजस्र जलवाहिन्या याच परिसरातून खाडी पार करतात. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. त्याच सुमारास लिव्हरपूलनेही वेल्समधील व्हर्नवी खोऱ्यात धरण बांधून, त्यासाठी लानउदिन नावाचे आख्खे गाव बुडवून, आपल्या शहरापर्यंत पाणी आणले. दोन्ही ठिकाणी बंदर दुसऱ्यांच्या डोंगरांवर वाढले, आणि दोन्ही ठिकाणी ज्यांच्या शेजारून पाणी गेले त्यांच्या मनात ते सलत राहिले. मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे वृत्तपत्रवाचकांना दरवर्षी नव्याने कळते आणि दरवर्षी पावसाबरोबर विसरलेही जाते.

कशेळी हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. आगरी म्हणजे खाडीकाठच्या खार जमिनीत भातशेती, मीठ आणि मासेमारी अशा तिन्ही कामांवर जगत आलेला समाज. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालणे आणि ते सर्वांनी मिळून राखणे हे त्याचे पिढीजात कौशल्य होय. कौलारू घरे आता थोडी उरली असून त्यांच्या जागी संगमरवरी पायऱ्यांचे, रंगीत काचांचे दुमजली-तिमजली बंगले उभे आहेत, मात्र बंगल्याच्या अंगणात जाळे वाळत घातलेले दिसणे अजूनही अशक्य नाही. घाटावरून आलेल्या माणसाला येथील बोलणे प्रथम भांडणासारखे वाटते. आवाज चढा, वाक्ये तुटक, आणि आडपडदा फारसा नाही. पुण्याकडे जी गोष्ट तीन वळणे घेऊन सांगितली जाते ती येथे पहिल्याच वाक्यात येते, आणि त्याच दमात जेवायला बसण्याचा आग्रहही होतो. हा आग्रह उपचाराचा नसतो, हे नाही म्हणून पाहणाऱ्याला लवकरच समजते.

पानात वाढली जाते ती तांदळाच्या पिठाची, उकड काढून थापलेली पांढरी भाकरी आणि सोबत सुकटीचा किंवा बोंबलाचा झणझणीत रस्सा. पावसाळ्याच्या तोंडाला चिवणी मिळते, एरवी चिंबोऱ्या, बोईट, जवळा आणि चिखलात उड्या मारणारी निवटी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या देशावरच्या माणसाला तांदळाची भाकरी आधी पोकळ वाटते, पण खाडीच्या माशाचा रस शोषून घेण्याचे काम ज्वारीला असे साधत नाही. मासा मात्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. उल्हास आणि तिला मिळणारी वालधुनी यांत वरच्या अंगाच्या कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी येत राहिल्याने खाडीची मासळी घटली, आणि काठावरच्या घरांतही मासळी बाजारातून विकत आणण्याची पाळी आली. मर्सी नदीचीही एके काळी अशीच अवस्था होती. तिच्या शुद्धीकरणाची मोठी मोहीम १९८५ मध्ये हाती घेण्यात आली आणि चालू शतकात तिच्यात पुन्हा सामन मासा दिसू लागला. तेथे हे शक्य झाले त्याचे एक कारण असे की तोवर काठचे कितीतरी कारखाने बंद पडले होते. हे श्रेय सहसा कोणी मोठ्याने घेत नाही.

लग्नसराईत कशेळी आणि शेजारच्या काल्हेरच्या पट्ट्यात हळदीचा समारंभ पाहिल्यावाचून येथील समाजरीत कळत नाही. देशावर हळद म्हणजे घरच्या बायकांचा, तासाभरात आटोपणारा विधी. येथे ती गावजेवणाची रात्र असते, मंडप रस्त्यावर येतो, बँड किंवा मोठे ध्वनिवर्धक लागतात, मटणाचे टोप चढतात आणि पाहुण्यांच्या स्वागतफलकावर नवरदेवाइतकेच मोठे छायाचित्र स्थानिक पुढाऱ्याचे असते. याच समाजात लग्नाचे विधी गाण्यांतून चालवणारी धवलारीण नावाची वयस्क स्त्री असते. पुरोहिताचे काम स्त्रीने, तेही आपल्या बोलीतील गाण्यांनी करावे, ही रीत जेथे शतकानुशतके सहज चालली, तेथेच आता ती ध्वनिवर्धकापुढे ऐकू येईनाशी झाली आहे, हा विरोध नोंदवण्यासारखा आहे. खर्चाला पैसा कोठून येतो, याचे उत्तर खाडीत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

खाडीतील उत्तर म्हणजे रेती. मुंबई-ठाण्याच्या इमारतींसाठी लागणारी रेती दीर्घकाळ याच खाडीतून निघत आली, आणि कशेळी, काल्हेर या काठांवर ती उतरवण्याची रेतीबंदरे तयार झाली. ती काढण्याची जुनी पद्धत डुबीची. होडीपासून तळाशी रोवलेल्या बांबूच्या आधाराने माणूस लोखंडी बादली घेऊन पाण्यात खाली जातो, श्वास रोखून तळाची रेती भरतो आणि वरचे साथीदार बादली ओढून घेतात. पुढे सक्शन पंप आले, म्हणजे तळ शोषून काढणारी यंत्रे, आणि त्यांनी तळ इतका उपसला की काठ ढासळणे, तिवरांची म्हणजे खारफुटीची मुळे उघडी पडणे आणि पुलांच्या पायांविषयी चिंता वाटणे सुरू झाले; त्यामुळे न्यायालयीन बंदी, लिलाव, छापे आणि चोरटा उपसा यांचे चक्र फिरत राहिले. ठाण्याच्या काठावरील मनोरे आणि कशेळीच्या तळातील खड्डे एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, एवढे येथे नमूद केले तरी पुरे.

रस्त्याच्या बाजूचे उत्तर मोठे आहे. कशेळी सोडून काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली या दिशेने जाऊ लागले की भातखाचरे दिसेनाशी होतात आणि पत्र्याच्या छपरांची गोदामे सुरू होतात. एकेका आवारात गाळ्यांच्या रांगा, प्रत्येक गाळ्याला शटर, शटरपुढे मालट्रक उभा राहील असा धक्का. येथे औषधे, रंग, साबण, वह्या, दूरचित्रवाणी संच, चपला, रसायने आणि संगणकावरून मागवलेली प्रत्येक वस्तू काही तास किंवा काही महिने मुक्कामाला असते. असे का झाले, याचे मुख्य कारण जकात. जकात म्हणजे शहराच्या हद्दीत माल शिरताना घेतला जाणारा कर. मुंबईत तो १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत वसूल होत असे. सगळाच माल शहरात नेऊन ठेवला तर सगळ्यावर आधीच कर भरावा लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी तो शहराच्या वेशीबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत ठेवून लागेल तसा आत नेण्याची सोय शोधली. मुंबई-नाशिक महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर या तिन्हींकडे जाणे या पट्ट्याला सोयीचे ठरले. जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, कारण तोपर्यंत घरपोच व्यापाराला त्यांची गरज त्याहून अधिक वाटू लागली होती.

लिव्हरपूलच्या स्टॅन्ली डॉकवर १९०१ मध्ये बांधलेले तंबाखूचे गोदाम विटांच्या बांधकामाचा जगातील एक प्रचंड नमुना मानले जाते, आणि शंभर वर्षांनी त्याच्यात राहती घरे करता आली. काल्हेरच्या पत्र्याच्या गाळ्यांना असे भवितव्य नाही. भराव टाकलेल्या खाचरावर घाईने उभारलेली, पुष्कळदा परवानगीवाचून बांधलेली ही गोदामे टिकण्यासाठी बांधलेलीच नसतात. आग लागण्याच्या बातम्या वारंवार येतात आणि राखेवर नवा पत्रा चढतो. त्यांच्याकडे वास्तुकलेच्या नजरेने कोणी पाहत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु बंदर म्हणजे माल थांबतो, मोजला जातो, फुटतो आणि पुढच्या हाती जातो ती जागा, असा अर्थ घेतला तर पश्चिम भारतातील एक मोठे बंदर आज या खाचरांतच आहे. जहाज तेवढे येथे येत नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत मालपेटी, म्हणजे कंटेनर, जहाजावर चढली तेव्हापासून जगभर धक्क्यावरची हमाली ओसरली आणि बंदराचे खरे काम किनाऱ्यापासून आत सरकले. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना ती गोष्ट नोकऱ्या गेल्यावर कळली. भिवंडी तालुक्याला ती जमिनीचा भाव चढल्यावर कळली.

कामगारांच्या बाबतीत मात्र तुलना उलटी फिरते. लिव्हरपूलच्या धक्क्यावर रोज सकाळी माणसे निवडून घेण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर कायद्याने आवळत नेण्यात आली. भारतातील गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा झाला आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून डोक्यावर, पाठीवर ओझे वाहणाऱ्या असंघटित कामगाराला मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळवून दिली. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे हे फळ आजही अभिमानाने सांगितले जाते. गोदामांच्या पट्ट्यात माथाडीचे नाव आहे, पण त्याच्या शेजारी ठेकेदाराकडून रोजंदारीवर आलेली, पाकिटे भरणारी व चिकटपट्ट्या लावणारी तरुण मुलेमुली संख्येने अधिक दिसतात, आणि त्यांच्यापर्यंत ते मंडळ सहसा पोहोचलेले नसते. ज्यांच्या जमिनीवर गोदामे उभी राहिली त्यांना लोक ‘शेठ’ म्हणून हाक मारतात. येथील वाटांवरच्या ताब्याचा प्रश्न मात्र जुना आहे. अंजूर गाव याच पट्ट्यातले. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, पोर्तुगिजांविरुद्ध महत्त्वाची कामगिरी करणारे गंगाजी नाईक अंजूरकर येथलेच. एके काळी या खाडीच्या वाटा कोणाच्या ताब्यात राहाव्यात यासाठी युद्ध झाले होते. आता मालट्रकांच्या वाटेवरून ग्रामसभेत वाद होतात.

अंजूरफाट्याच्या पुढे आवाज बदलतो. नारपोली, कामतघर, पद्मानगर, गैबीनगर, शांतीनगर या वस्त्यांत शिरताच मागांचा खडखडाट सुरू होतो, आणि तो ऐकू येतो त्याहून जास्त पायांतून जाणवतो. यंत्रमागाची मूळ क्रिया सोपी आहे. बीमवर गुंडाळलेले उभे धागे म्हणजे ताणा. त्याला आधी खळ दिलेली असते, तिला सायझिंग म्हणतात, नाहीतर धागा घर्षणाने तुटतो. वया हे धागे आळीपाळीने वर-खाली करतात, मधल्या फटीतून कांडी भरलेला धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, मागे राहिलेल्या आडव्या धाग्याला म्हणजे बाण्याला फणी येऊन ठोकते, आणि हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. या यंत्राचे पहिले पेटंट एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये घेतले, आणि धागा तुटताच आपोआप थांबणारा, व्यवहारात टिकलेला माग १८४२ च्या सुमारास लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथे तयार झाला. भिवंडीतील साधा माग, धातूचा घाट आणि वीजमोटर यांचा फरक सोडला, तर त्याच कुळातला आहे.

या कुळाचा प्रवास सरळ रेषेत सांगता येतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईची पहिली सूतगिरणी स्थापन केली, आणि पुढच्या वर्षी दादाभाई नौरोजी कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. त्या कंपनीची कचेरी लंडनप्रमाणे लिव्हरपूललाही होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात गुलामांच्या श्रमावर पिकलेला कापूस लिव्हरपूलला पोहोचेना, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईमार्गे तिकडे गेला. लँकेशायरात उपासमार झाली आणि मुंबईत सोन्याचा पूर आला, जो १८६५ मध्ये तितक्याच वेगाने ओसरला. गिरणगाव उभे राहिले ते लँकेशायरच्या यंत्रांवर. मुंबईत एका विणकराकडे दोन माग असत. ते तीन करण्याचा मालकांचा बेत हे १९२८ च्या प्रचंड संपाचे एक कारण ठरले. लँकेशायरात चार मागांची रीत होती. सहा-आठ माग देण्यावरून तेथील बर्नली या गावी १९३१ पासून लढा पेटला. भिवंडीत आज एक कामगार सहा ते आठ साधे माग सांभाळताना सर्रास दिसतो, पाळी बारा तासांची, आणि मजुरी विणलेल्या मीटरवर. मागांच्या ज्या वाढीविरुद्ध दोन शहरांनी संप केले ती येथे संपावाचून रूढ झाली, ही बाब भिवंडीच्या कोणत्याही वर्णनात आधी यायला हवी.

कारणे कायद्यात आहेत. गिरण्यांची विणाईची क्षमता सरकारने १९५६ मध्ये गोठवली, त्यामुळे वाढ छोट्या यंत्रमागांकडे वळली. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की कारखाना कायदा लागू होत असे, म्हणून एकाच छपराखाली भिंती घालून तीन-चार नावांचे कारखाने नांदू लागले. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही, पण गिरण्यांची विणाई तोवर भिवंडीला आली होती, आणि मागाहून कित्येक गिरण्यांचे जुने मागही भंगाराच्या भावाने खाडी ओलांडून आले. त्याच १९८२ च्या मार्चमध्ये बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल, वाफेवर माग चालवणारी जगातील अखेरची गिरणी, बंद पडली आणि पुढे तिचे संग्रहालय झाले. इंग्लंडच्या उत्तरेत माग तिकीट लावून पाहण्याची वस्तू होण्याच्या वाटेला लागला, त्याच वर्षी भिवंडीत त्याला दिवसरात्र चालवण्यासाठी माणसे कमी पडत होती. ‘औद्योगिक भूतकाळ’ ही चीज ज्यांचे काम दुसरीकडे गेले त्यांच्याकडे असते. भिवंडीकडे ती नाही, कारण इतरांचा भूतकाळ येथे अजून पाळीवर आहे.

ही माणसे कोठून आली हेही रस्त्यांवरून कळते. नदीकाठच्या जुन्या मोहल्ल्यांत कोकणी मुसलमानांची घरे, ज्यांची घरातली बोली कोकणपट्टीची मराठीच असते. त्यांच्या शेजारी १८५७ च्या उठावानंतरच्या काळात आझमगड, मऊ अशा उत्तरेकडील विणकरी गावांतून आलेले मोमीन. पद्मानगरात तेलंगणातून आलेले पद्मशाली, ज्यांच्या दुकानांच्या पाट्या तेलुगूत असतात. आणि सभोवतीच्या गावांत आगरी व कुणबी. लिव्हरपूलची प्रसिद्ध इंग्रजी बोली १८४०च्या दशकातील दुष्काळात आलेल्या आयरिश लोकांच्या मिसळीने घडली, असे मानतात. भिवंडीचे रस्त्यावरचे बोलणे, उर्दूचा वाक्यबंध, मराठीचे शब्द आणि मधूनच तेलुगू आकडे, अशाच वाटेवर आहे. या मिसळीला १९७० आणि १९८४ च्या दंगलींचा काळा इतिहासही आहे. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची बांधणी केली आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. या शहराविषयी बोलताना दंगली जितक्या आठवल्या जातात तितकी ही शांतता आठवली जात नाही.

मागाजवळ बोलणे अशक्य असल्याने कामगार खुणांनी बोलतात. लँकेशायरच्या विणकर स्त्रिया ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचे बोलणे समजून घेत, त्याचाच हा भाऊबंद. येथे मागावर बायका क्वचितच दिसतात. त्या कांड्या भरतात, कापडातील गाठी काढतात, आणि घरी बसून हे काम करताना ‘कामगार’ म्हणून मोजल्याही जात नाहीत. पाळी सुटल्यावर पुरुष बिशीत जेवतात. बिशी म्हणजे यंत्रमाग कामगारांची आठवड्याच्या हिशेबावर चालणारी खानावळ. डाळ, भात, रोटी, भाजी, ठरलेल्या दिवशी मांस, आणि नाव लिहिलेली वही. गावाकडून एकट्याने आलेल्या माणसाला बिशीवाला उधार देतो, निरोप ठेवतो, आजारी पडला तर कळवतो. गिरणगावातही खानावळी होत्या, त्या चालवणाऱ्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. भिवंडीच्या बिशीला अशी संघटना लाभली नाही. आठवड्याची सुट्टी ही गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी मिळालेली मोठी गोष्ट, आणि ती मिळवणारे नारायण मेघाजी लोखंडे खाडीच्या अलीकडच्या ठाण्यात जन्मले होते. मीटरवर मजुरी असलेल्या विणकराला मात्र सुट्टीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

शहराच्या पलीकडे कामवारी नदी आणि बंदर मोहल्ला. तांदूळ, सुकी मासळी, लाकूड, गवत आणि कापड यांचा व्यापार येथून होडक्यांनी चाले. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि लवकरच या खाड्यांत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधली जाऊ लागली, ज्यांच्या बांधणीत पोर्तुगीज कारागीरही होते. पुढे १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली, भिवंडी मुख्य मार्गाच्या बाजूला पडली आणि होडक्यांचा व्यापार हळूहळू मालगाड्यांकडे गेला. पाण्यावरचे बंदर असे संपले. हातमाग तेवढे उरले होते, आणि वीज आल्यावर त्यांचेच यंत्रमाग झाले.

यंत्रमागांचीही आता तशीच वेळ आलेली दिसते. सुताचे चढउतार, विजेचे दर, २०१६ ची नोटाबंदी, बाहेरून येणारे स्वस्त कापड यांमुळे साधे माग किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. ज्यांना जमते ते धोट्याऐवजी रॅपियर, म्हणजे आडवा धागा धरून नेणारा दांडा, असलेले वेगवान माग घेतात, इतर शेजारच्या गुजरातेत जागा पाहतात. कित्येक मालकांचा हिशेब याहून साधा असतो. माग विकून रिकामी झालेली जागा गोदामाला दिली तर भाडे महिन्याच्या महिन्याला येते, कामगार लागत नाही, आणि धागा तुटण्याची भीती नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पायाभरणी झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब कशेळी, काल्हेर, पूर्णा ओलांडून धामणकर नाक्यापर्यंत आल्याने जागांचे भाव आणखी चढले आहेत. भिवंडीत विणायचे थांबलेले कापड सुरतेत विणले जाते, रंगवून, शिवून, पाकिटात भरून काल्हेरच्या गाळ्यांत येते आणि तेथून मुंबईला जाते. त्यामुळे कशेळीच्या पुलावरील मालट्रकांची रांग काही कमी झालेली नाही.